मदत हवी आहे: डीटीपीतून वेब डिझाइनकडे, शिकाऊ म्हणून रुजू होण्याआधी काय शिकू?

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं डीटीपी केलं. माहितीपत्रकं, पुस्तकांची पानं, खोक्यांची छपाई. पुढच्या महिन्यात एका छोट्या वेब डिझाइन स्टुडिओत शिकाऊ म्हणून रुजू होतेय. मध्ये पाच आठवडे आहेत, ते कशाला द्यावेत हे ठरत नाहीये.

मुलाखतीत त्यांनी एका ग्रंथालयाचं होमपेज बनवायला दिलं होतं. चार दिवस खपून केलं, माझ्या लॅपटॉपवर अगदी मनासारखं दिसत होतं. तिथल्या सीनियर मॅडमनी ते मोबाइलवर उघडलं तर उजवा रकाना पडद्याबाहेर! कागदाचा आकार ठरवतो तशी मी रुंदी १२०० पिक्सेल ठरवून टाकली होती. मग त्यांनी लॅपटॉपवर माउस बाजूला ठेवला आणि टॅब दाबत गेल्या. ‘सभासद व्हा’ बटनावर फोकस (कीबोर्डने होणारी निवड) गेलाच नाही, कारण मी डिव्हला (एचटीएमएलमधल्या नुसत्या चौकटीला) रंग देऊन त्यावर क्लिक लावलं होतं. शीर्षकं चित्र म्हणून टाकली होती, तीही आल्ट मजकुराशिवाय, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन न देता. त्या एवढंच म्हणाल्या, “हे पान नाही, पानाचा फोटो आहे.”

तरीही त्यांनी मला घेतलं. पण ते वाक्य मनातून जात नाही, कारण ते खरं आहे. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या वाचकाला त्या पानावर एकही शीर्षक कळलं नसतं.

मित्र म्हणतात, एचटीएमएल-सीएसएस (पानाची रचना आणि रूप लिहायच्या भाषा) दोन दिवसांचं काम, थेट रिअॅक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) शिक. ते बरोबर आहे का? पोर्टफोलिओत छपाईची कामं ठेवू का? आणि अडल्यावर सीनियरना किती वेळा विचारलेलं चालतं? शेवटच्या प्रश्नाची मला खरंच धास्ती आहे.

प्रतिसाद १

रिअॅक्ट थांबू शकतं. त्यातूनही शेवटी ब्राउझरला एचटीएमएलच मिळतं. डिव्हचं बटन तिथेही टॅबला सापडणार नाही. खरा बटन टॅग वापरलात की फोकस, एंटर आणि स्पेसने दाबणं, स्क्रीन रीडरने ‘बटन’ म्हणून सांगणं, हे सगळं आयतं मिळतं.

डीटीपीवाल्यांना सगळ्यात जड जाते ती कागदाची कड सोडणं. मीही त्याच वाटेने आलो. ईथन मार्कोटने मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा शब्द दिला, तेव्हा त्याने तीन गोष्टी एकत्र आणल्या होत्या: लवचिक ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे सीएसएसचे नियम). नवीन शिकू नका, तेच ग्रंथालयाचं पान पुन्हा बांधा. ब्राउझरची खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४०० टक्के करा, म्हणजे पानाला ३२० पिक्सेलच उरतात. आडवं सरकवावं न लागता वाचता आलं पाहिजे.

रंगांकडेही बघा. छपाईत देखणा वाटणारा फिका राखाडी पडद्यावर घात करतो. पांढऱ्यावर #९९९९९९ चा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.८५ भरतो. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतो.

एक आठवडा गिटला (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) द्या. शिकाऊ माणसाच्या हातात पहिले काही महिने बहुतेक दुसऱ्यांचीच पानं येतात. मजकूर बदल, चित्रं हलकी कर, जुना फ्लोटवाला (घटक डावी-उजवीकडे सरकवून रकाने करणारा) लेआउट दुरुस्त कर. रकाने-ओळी आखायची सीएसएस ग्रिड ही सोय ब्राउझरांत आली ती २०१७ साली, त्यामुळे फ्लोट वाचता येणं अजून कामाचं आहे.

प्रतिसाद २

छपाईची दोन-तीन उत्तम कामं जरूर ठेवा. अक्षरांची जाण आणि मोकळ्या जागेचं भान सहा वर्षांनीच येतं. ग्रंथालयाचं पान मात्र आधीचं आणि नंतरचं शेजारी मांडा, काय चुकलं होतं तेही लिहा.

विचारण्याबद्दल: अर्धा तास स्वतः झगडा. मग काय व्हायला हवं होतं, काय होतंय आणि काय करून पाहिलं, हे तीन ओळींत लिहून न्या. असा प्रश्न मला दिवसातून चार वेळा आला तरी चालतो. जो शिकाऊ दोन दिवस गप्प बसतो, त्याची काळजी वाटते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय. पान पहिल्यापासून बांधलं, शीर्षकं आता खरा मजकूर आहेत. ४०० टक्क्यांवर सगळं एका रकान्यात येतं. टॅब दाबत ‘सभासद व्हा’ पर्यंत पोचले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

एकच अडलंय. वर चिकटून राहणारा मेनू आहे. विभागाच्या लिंकवर गेलं की त्या विभागाचं शीर्षक मेनूमागे झाकलं जातं. शीर्षकाला वरून मार्जिन दिलं, तर एरवीही मोकळी जागा दिसते.

प्रतिसाद १

मार्जिन काढा. मूळ एचटीएमएल घटकाला सीएसएसमध्ये मेनूच्या उंचीएवढं स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या, म्हणजे लिंकवरून गेल्यावर शीर्षक मेनूखाली थांबेल. आणि प्रश्न अगदी असाच विचारायचा असतो, तिथेही असाच विचारा.