शब्दचर्चा: लष्करी शिधा, शिदोरी की रसद?

प्रश्न

दादरला आमचे गिर्यारोहण-साहित्याचे दुकान आहे. सैनिकांना मिळते त्या धर्तीचे, बंद पाकिटातले तयार जेवण आता तिथे विक्रीला ठेवण्याचा विचार आहे. घेणारे दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे सह्याद्रीत भटकणारी मंडळी, ज्यांना गडावर चूल न पेटवता गरम जेवण हवे असते; दुसरे संग्राहक, जे निरनिराळ्या देशांच्या सैन्यांची जुनी पाकिटे न फोडता जपून ठेवतात. इंग्रजीत दोहोंसाठी ‘एमआरई’ (‘मील, रेडी-टू-ईट’, म्हणजे खायला तयार जेवण) एवढे म्हटले की भागते. मराठी फलकावर काय लिहावे? मला ‘लष्करी शिधा’ बरे वाटते, धाकटा भाऊ ‘सैनिकी रसद’ म्हणतो आणि वडिलांचा आग्रह ‘शिदोरी’चा आहे. जाणकारांनी कारणांसह मत द्यावे.

प्रतिसाद

‘रसद’ आधी बाजूला ठेवू. रसद ही सैन्याची असते, एकट्या शिपायाची नव्हे. ती गाड्यांवर, बैलांवर लादून मागून येते, तिचे मार्ग असतात आणि शत्रू ते मार्ग तोडतो. पानिपतावर 14 जानेवारी 1761 च्या आधी मराठ्यांची रसद तुटली होती असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाच्या कमरेचे गाठोडे डोळ्यांसमोर येत नाही. तळहाताएवढ्या पाकिटाला रसद म्हणणे म्हणजे बाटलीभर पाण्याला धरण म्हणण्यासारखे होईल.

‘शिधा’ मात्र विचार करायला लावणारा शब्द आहे. शिधा म्हणजे न शिजवलेले जिन्नस: तांदूळ, डाळ, पीठ, तूप, मीठ. ब्राह्मणाला, जोगत्याला किंवा पाहुण्याला शिधा द्यायचा तो यासाठी, की त्याने तो आपल्या हाताने शिजवून खावा. ‘कोरडा शिधा’ हा प्रयोग आजही सर्रास आहे. मुंबईत शिधावाटप कार्यालय आणि शिधापत्रिका या शब्दांनी तो सरकारी झाला, पण अर्थ बदलला नाही. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि तेल होते; चकली आणि चिवडा नव्हता. तुमच्या पाकिटात तर शिजवलेला पुलाव किंवा राजमा आहे. जेवण लवचीक पाकिटात भरायचे, हवाबंद करायचे आणि मग दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निर्जंतुक करायचे, अशी त्याची कृती असते. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने, जी 1961 पासून सैन्यासाठी याच कामात आहे, हे तंत्र आपल्याकडच्या पदार्थांवर बसवले आणि पुढे ते खासगी उत्पादकांनाही दिले. किराणा दुकानातली ‘गरम करा आणि खा’ छापाची पाकिटे त्याच कुळातली आहेत. जे फोडून थेट खाता येते, त्याला शिधा म्हणू नये असे माझे मत आहे.

‘शिदोरी’ मात्र शिजवलेलीच असते, एका माणसापुरती बांधलेली असते आणि वाटेत सोडायची असते. तिन्ही लक्षणे जुळतात. वडिलांचे बरोबर आहे.

प्रतिसाद

वरील विवेचन पटले, पण अर्धेच. शिधा आणि शिदोरी यांतला फरक केवळ कच्च्या-शिजलेल्याचा नाही. देणारा कोण आणि कोणत्या नात्याने देतो, याचाही आहे. शिदोरी घरचे माणूस बांधून देते. म्हणूनच गोपाळकाल्यात सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र होतात, शिधे होत नाहीत; आणि म्हणूनच निरोपसमारंभात वक्ते ‘विचारांची शिदोरी’ देत असतात, ज्याने कोणाचेही पोट भरल्याचे ऐकिवात नाही. सैनिकाचे पाकीट मात्र मापाने, माणशी, हक्क म्हणून मिळते. कोठारातून नोंद होऊन मिळालेली वस्तू ती, शिजलेली असो वा कच्ची. त्या दृष्टीने त्या पाकिटाला शिधाच म्हटले पाहिजे. हिंदीभाषक जवान ‘राशन’ म्हणतो ते याच अर्थाने.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रतिसादातला मुद्दा मला मोलाचा वाटतो, पण तोच पुढे नेला तर निष्कर्ष उलटा निघतो. जे हक्काने मिळते ते शिधा, असे मानले तर जे दुकानात कोणालाही पैसे मोजून मिळते ते शिधा राहत नाही. (शिधावाटप दुकानातही पैसे मोजावे लागतात आणि आनंदाच्या शिध्याचेही 100 रुपये होते, हे मान्य, पण तिथे पत्रिका दाखवावी लागते.) सैन्याचे पाकीट आणि सैन्याच्या धर्तीचे पाकीट या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि फलकावरचा शब्द या दोहोंची सरमिसळ करणारा नसावा.

हा निव्वळ शब्दांचा कीस नव्हे. अमेरिकी सैन्याच्या अशा जेवणाच्या खोक्यांवर, ज्यांत प्रत्येकी 12 पाकिटे असतात, ही सरकारी मालमत्ता असून तिची व्यापारी पुनर्विक्री बेकायदेशीर आहे, अशा अर्थाचा मजकूर छापलेला असतो. तरीही ती पाकिटे ऑनलाइन लिलावात विकली जात होती आणि 2006 मध्ये तिथल्या सरकारी लेखातपासणी संस्थेने त्याची चौकशी केली. म्हणून तिथले उत्पादक नागरिकांसाठी निराळ्या वेष्टनात, निराळ्या नावाने माल काढतात; पदार्थ जवळपास तेच, पण काहींत गरम करण्याची पिशवी नसते. ‘लष्करी’ हे विशेषण एकटे लावले की ग्राहकाला वाटते, माल लष्कराच्या कोठारातून आला. तो खरोखर आला असेल तर पंचाईत आणि आला नसेल तर फसवणूक. ‘लष्करी धाटणीची’ असे लिहिले की दोन्ही टळते. शेजारच्या कर्नाटकात ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणजे मांसाहारी खानावळ, तिथे कोणी गणवेश शोधत नाही; पण तो अर्थ तिथे रुळलेला आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे लष्कर आणि जेवण एकत्र आले की ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ आठवते, आणि दुकानदाराला तो वाक्प्रचार परवडणारा नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. संग्राहकांच्या मालाचे काय करावे? त्यांतली बरीच पाकिटे जुनी आहेत. भावाने यादीत ‘शिळी पाकिटे’ असे लिहिले, त्यावर एक गिऱ्हाईक रागावून गेले.

प्रतिसाद

रागावणारच. ‘शिळे’ कालचे असते, सकाळी फोडणी देऊन खाता येते. शिवाय त्यात हलकेपणाची छटा आहे. दहावीस वर्षांच्या पाकिटाला ‘जुने’ म्हणावे आणि जिथे खाण्याच्या योग्यतेचा प्रश्न येतो तिथे औषधांच्या बाबतीत वापरतात तो ‘मुदतबाह्य’ हा नेमका शब्द वापरावा. ‘कालबाह्य’ नको, कालबाह्य रूढी असतात, राजमा नसतो.

मुदतीबद्दल एक बारकावा सांगतो, कारण यादी करताना तो लागेल. अमेरिकी पाकिटांवर बहुधा चार अंकी खूण असते: पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे तीन त्या वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. 5032 म्हणजे पाचने संपणाऱ्या वर्षातला बत्तिसावा दिवस, अर्थात 1 फेब्रुवारी. पण ते वर्ष 2005 की 2015, हे खुणेवरून कळत नाही. वेष्टनाचा रंग आणि आतले पदार्थ पाहून ठरवावे लागते. संग्राहक किंमत ठरवताना याच गोष्टीवर घासाघीस करतात. म्हणून यादीत ‘तारीख’ असे न लिहिता ‘उत्पादनखूण’ लिहावे आणि अनुमानित वर्ष निराळ्या रकान्यात द्यावे. ही पाकिटे 27 अंश सेल्सिअसला किमान तीन वर्षे टिकावीत अशी अपेक्षा असते, 38 अंशांना मात्र फक्त सहा महिने. मुंबईच्या पोटमाळ्यावर मे महिन्यात काय होत असेल ते आपणच ठरवावे. खोक्यावर उष्णता दाखवणारे एक लहान वर्तुळ असते. आतला भाग बाहेरच्या कड्यापेक्षा गडद झाला की माल टाकून द्यायचा असतो. त्याला ‘तापदर्शक ठिपका’ म्हणता येईल.

मुदतबाह्य अन्न खाद्यपदार्थ म्हणून विकता येत नाही, तेव्हा अशा मालाच्या नावात जेवण, शिधा, शिदोरी यांपैकी एकही शब्द येऊ नये. ‘संग्राह्य लष्करी पाकीट’ पुरेसे आहे आणि त्याखाली तेवढ्याच ठळक अक्षरात ‘खाण्यासाठी नाही’. ‘सेवनास अयोग्य’ हे शब्द सरकारी वाटतात आणि वाचले जात नाहीत.

प्रतिसाद

गरम करण्याच्या पिशवीसाठी कोणी ‘ज्योतिरहित उष्मक’ सुचवण्याआधीच विनंती करतो, की तसे करू नये. आत मॅग्नेशियम आणि लोखंडाची भुकटी व मीठ असते, पाणी घातले की ती तापते आणि हायड्रोजन वायू सुटतो. ग्राहकाला कळायला हवे ते एवढेच, की तंबू बंद करून ती वापरू नये आणि जवळ पेटती काडी नेऊ नये. ‘पाण्याने तापणारी पिशवी’ असे लिहावे. हीटर म्हटले तरी चालेल, पण मग कोणीतरी वायर कुठे आहे असे विचारील.

प्रश्नकर्ता

फलक असा करतो आहे: ‘लष्करी धाटणीची तयार शिदोरी, पाण्याने तापणाऱ्या पिशवीसह’. संग्राह्य पाकिटांची काचपेटी निराळी, तिच्यावर ‘खाण्यासाठी नाही’. भावाची ‘रसद’ मालाच्या वहीत घेतली आहे. घाऊक खोकी येतात त्या रकान्याला ती शोभते.