कृष्णधवल म्हणजेच 'खरं' कोकण? मग आमच्या घराच्या भिंती खोट्या!

चिरेबंदी:
रत्नागिरीतलं ते फोटोंचं प्रदर्शन बघून आलेल्या कुणाची तरी पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. सार असं, की ऐंशी ओलांडलेल्या या छायाचित्रकाराने कोकणचा आत्मा पकडला, रंग म्हणजे रिसॉर्टवाल्यांची जाहिरात आणि खरं कोकण फक्त कृष्णधवलच. प्रदर्शन मीही पाहिलं. फोटो उत्तमच आहेत. जेटीवर डोक्यावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या फोटोपाशी मी पुन:पुन्हा जाऊन उभा राहिलो. माझं भांडण पोस्टशी आहे.

अहो, आमच्या भिंतींचा जांभा दगड लाल असतो! पावसाळ्यात त्यावर हिरवंगार शेवाळं चढतं. साध्या फिल्मवर तो लाल आणि हा हिरवा जवळपास एकाच राखाडी छटेत येतात. लेन्सवर लाल फिल्टर चढवला की चिरा उजळतो, झाडं आणि निळं आभाळ काळवंडतं. प्रदर्शनातल्या एका फोटोत पडक्या घरामागे दिसणारं गंभीर काळं आभाळ पावसाचं नसून फिल्टरच्या काचेचं असावं, अशी माझी दाट शंका आहे. त्यात गैर काही नाही, पण मग त्याला 'खरं' म्हणू नका.

आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाने कृष्णधवल 'निवडलं' होतं, हेही सोडा. रंगीत रोल धुवायला मुंबईला पाठवावा लागे. कृष्णधवल घरच्या न्हाणीघरात अंधार करून होत असे. परवडत होतं म्हणून केलं. छायाचित्रकार रघुबीर सिंग आयुष्यभर रंगीत फिल्मवर भारत टिपत राहिले, त्यांना काय आत्मा दिसला नाही?

हायपो:
न्हाणीघरात होत असे म्हणे! चिपळुणात माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता, त्यामुळे हे वाचून हसू आलं. डी-७६ डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, साधारण २० अंशांवर वापरायचा असतो. मे महिन्यात आमच्या नळाला पाणीच तीसच्या आसपास यायचं. बर्फाची लादी आणून त्यात ट्रे ठेवायचे. रोल पूर्व जर्मनीच्या ऑर्वोचे, नाहीतर उटीच्या कारखान्यातले इंदू. पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशी धरायची ती वेगळीच. याला सोय म्हणत असाल तर धन्य आहे.

दुसरं, घरातले ऐंशीच्या दशकातले लग्नाचे रंगीत फोटो काढून बघा. निळा रंग उडून नवरानवरी तांबडी झालेली असतील. आजोबांचा कृष्णधवल फोटो मात्र अजून लखलखीत, कारण त्यात चांदी आहे आणि तो नीट धुतलाय. आमच्याकडच्या निगेटिव्ह २०२१ च्या पुरात गेल्या. म्हणून कुणाच्या तरी शाबूत राहिल्या, याचंच मला कौतुक.

चिरेबंदी:
कष्ट होते हे मान्य, पण कष्ट होते म्हणून तत्त्वज्ञान होतं असं होत नाही. तुमच्या वडिलांनी तरी 'आत्मा पकडायला जातो' म्हणून दुकान उघडलं होतं का?

हायपो:
वडिलांना मध्ये आणू नका. ते पासपोर्ट फोटो काढायचे आणि चांगले काढायचे.

कातळसडा:
दोघांनीही प्रदर्शनातली शेवटची भिंत बघितलेली दिसत नाही. तिथले फोटो २००४ नंतरचे आहेत, खाली सालं लिहिलीत. तोवर तालुक्याच्या नाक्यानाक्यावर तासाभरात रंगीत फोटो करून मिळत होते. तरी हा माणूस कृष्णधवलच काढत राहिला. आता ही निवड की सोय?

चिरेबंदी:
बरं, ती भिंत तुमची. त्याआधीच्या तीन माझ्या.

रापणकार:
तुमचो आत्मा आणि फिल्टर ऱ्हवांदे बाजूक. रापणीच्या फोटोखाली काय लिहिलंय ते कुणी वाचलं का? 'लुप्त झालेली परंपरा'. मालवणात येवा, सकाळी किनाऱ्यार उभे रवा, मगे बोला! रापण अजून लागते. होडीतून जाळं अर्धगोल टाकून येतात, दोन्ही टोकं माणसं किनाऱ्यावरून ओढतात, मिळेल त्याची वाटणी होते. कमी झाली ती आपोआप नाही. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे यांत्रिक बोटीतून थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्यांनी, बांगड्याचे थवेच्या थवे बाहेरच्या बाहेर उचलले, तर किनाऱ्याला येणार काय? फोटो काळापांढरा केला की आम्ही जिवंतपणी इतिहासजमा!

मिरकरवाडा०७:
आलं का पर्ससीन फोटोच्या धाग्यातपण! आम्ही काय दरोडेखोर आहोत? बोटीवर कर्ज आहे, डिझेल आहे, खलाशांचे पगार आहेत. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत, म्हणजे १२ सागरी मैलांत, आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. उरलेलं वर्ष काय फोटो बघत बसायचं? परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री आत घुसतात, त्यांच्यावर बोला की.

रापणकार:
ते घुसतात, त्यांनाही आम्ही शिव्याच घालतो. पण डिसेंबरनंतर १२ मैलांच्या आत दिसणारे दिवे कोणाचे? एलईडी दिव्यांनी मासे ओढून धरण्यावर केंद्राने २०१७ लाच बंदी घातली. माझ्या काकांची रापण गेल्या हंगामात कितीदा तरी नुसता केर घेऊन आली. तुमचा आदेश त्यांना वाचून दाखवू?

मिरकरवाडा०७:
सगळ्या पर्ससीनवाल्यांना एलईडीवाले म्हणायचं असेल तर नावं घेऊन म्हणा. नाहीतर गप्प बसा.

रापणकार:
नावं घेतली की बंदरावर काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

हायपो:
अहो, इथे प्रिंटच्या टोनबद्दल बोलणं चाललं होतं...

रापणकार:
तुमचा टोन चालू द्या. आमची पोटं जळतायत.

कातळसडा:
विषय तोच आहे खरं तर. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम कृष्णधवलच आहे, पण ते बघताना 'अहाहा, गेले ते दिवस' असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे मात्र कोकण काळ्यापांढऱ्यात दिसलं की लगेच हुंदके. दोष बघणाऱ्यांचा आणि फोटोखालच्या ओळी लिहिणाऱ्यांचा. त्या छायाचित्रकारांनी स्वतः लिहिल्यात असं वाटत नाही.

चिरेबंदी:
हे बरोबर. म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही कमी शब्दांत सांगितलंत, आभार.

कातळसडा:
तुमचं म्हणणं जांभ्याच्या रंगाबद्दल होतं. असो, घ्या श्रेय.

मिरकरवाडा०७:
एक राहिलं. ती टोपलीवाली बाई आमच्या वाडीतली. अजून हयात आहे, गुडघे गेलेत. प्रिंटखाली किंमत लिहिलीय, ती मी इथे लिहीत नाही, उगाच जळतो म्हणाल. तिला या फोटोची साधी पोस्टकार्डाएवढी प्रतही कुणी दिलेली नाही. भाचीने मोबाइलवर दाखवला तेव्हा म्हणाली, लुगडं हिरवं होतं माझं.

चिरेबंदी:
बघा! हिरवं!!

हायपो:
तुम्हाला यातूनही तेवढंच दिसलं? रविवारी छायाचित्रकार स्वतः येणार आहेत असं दारावर लिहिलंय. मिरकरवाडा, प्रतीचं त्यांच्या कानावर घाला. मी बरोबर येतो. निगेटिव्ह शाबूत असेल तर प्रिंट काढायला अर्धा तास लागत नाही.

रापणकार:
आणि ती 'लुप्त' वाली पाटी काढायला सांगा. नाहीतर मी येतो.

मिरकरवाडा०७:
या. तेवढ्यापुरते तुमच्या बाजूने बोलू. पर्ससीनचं नंतर बघू.