ट्रायल्स ऑलिंपिकच्या तोंडावरच हव्यात

मेलबर्नकर
ऑस्ट्रेलियाच्या जलतरण ट्रायल्स, म्हणजे ऑलिंपिक संघाची निवड चाचणी, पूर्वी ऑलिंपिकच्या चार महिने आधीच उरकायच्या. लंडनसाठी (२०१२) मार्चमध्ये, रिओसाठी (२०१६) एप्रिलमध्ये. लंडनला तलावात १ सुवर्ण, रिओला ३. केट कॅम्पबेल १०० मीटर फ्रीस्टाईलचा विश्वविक्रम खिशात घेऊन रिओला गेली आणि फायनलला सहावी आली! टोकियोच्या वेळी ट्रायल्स थेट जूनमध्ये, म्हणजे जेमतेम पाच-सहा आठवडे आधी. ९ सुवर्ण. पॅरिसआधीही जूनच, ७ सुवर्ण. अमेरिकेचा तर हा जुनाच रिवाज. एप्रिलमध्ये संघात नाव लागलं की माणूस सैलावतो, एवढं साधं आहे.

पट्टीचा पोहणारा
कॅम्पबेलचं उदाहरण तुमच्याच गळ्यात पडतंय, साहेब. तिचा विश्वविक्रम २ जुलैचा, रिओला महिना उरला असतानाचा. ऐन वेळेच्या आधी सगळा दारूगोळा उडवला की काय होतं ते तिथे दिसलं, आणि जूनच्या ट्रायल्स नेमकं तेच करायला लावतात. २०२४ चा जून बघा. ऑस्ट्रेलियाची टिटमस ब्रिस्बेनच्या ट्रायल्सला २०० फ्रीस्टाईल १:५२.२३, विश्वविक्रम. पॅरिसला १:५३.८१, रौप्य. इंडियानापोलिसला, अमेरिकेच्या ट्रायल्समध्ये, रेगन स्मिथ १०० बॅकस्ट्रोक ५७.१३, विश्वविक्रम. पॅरिसला ५७.६६, रौप्य. ग्रेचेन वॉल्श १०० बटरफ्लाय ५५.१८, तोही विश्वविक्रम. पॅरिसला ५५.६३, सुवर्ण चार शतांशाने हुकलं. तिघींचं एकच दुखणं.

मेलबर्नकर
स्मिथ त्याच पॅरिसमध्ये मेडले रिलेच्या बॅकस्ट्रोक टप्प्यात ५७.२८ पोहली. वेग संपला असता तर हे कुठून आलं? आणि टिटमसला हरवणारी ओ'कॅलहन त्याच ब्रिस्बेनच्या ट्रायल्समधून आलेली. ऑस्ट्रेलियाचीच मॅककीओन घ्या. जून २०२१ ला अ‍ॅडलेडच्या ट्रायल्सला १०० बॅकस्ट्रोकचा विश्वविक्रम ५७.४५, टोकियोत ५७.४७ आणि सुवर्ण. सहा आठवड्यांत फरक दोन शतांशांचा.

लंडनवाला मावळा
लंडन २०१२ चं खापर मार्चवर फोडू नका हो. पुरुषांच्या रिले संघातल्या काहींनी सरावशिबिरात स्टिलनॉक्स या झोपेच्या गोळ्या घेतल्याची कबुली स्वतःच दिली होती आणि ऑलिंपिकनंतरच्या चौकशी अहवालात संघातल्या वातावरणाची लक्तरं निघाली. कॅलेंडर बिचारं काय करणार? इकडे ब्रिटनच्या ट्रायल्स एप्रिलमध्ये असतात. टोकियोत ८ पदकं, त्यातली ४ सुवर्ण.

मेलबर्नकर
आणि पॅरिसला त्याच एप्रिलवर १ सुवर्ण. तेही सांगा की.

लंडनवाला मावळा
सांगितलं असतं, तुम्ही श्वास घेऊ दिला असता तर.

बालेवाडीची आई
आकडे छान आहेत, पण टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करणं, घरात कसा दिसतो ते सांगते. माझा मुलगा राज्य पातळीवर पोहतो. स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे कोच किलोमीटर निम्म्यावर आणतात. पोरगं घरात सैरभैर. झोप येत नाही, फ्रीज रिकामा, उगीच बहिणीशी भांडणं. स्पर्धेच्या आदल्या रात्री बाथरूममध्ये तासभर हातपाय शेव्ह करतो. सकाळी पाण्यात हात घातला की 'आई, पाणी वेगळंच लागतंय' म्हणतो. मागच्या वर्षी निवड चाचणी झाली आणि चारच आठवड्यांत मुख्य स्पर्धा. मध्ये दहा दिवस पुन्हा रगडा, मग पुन्हा टेपर. दुसऱ्यांदा शेव्ह केल्यावर ते 'वेगळं' लागलंच नाही त्याला. २०० ला चौथ्या पन्नासात हात जड झालेले मला गॅलरीतून कळत होते. टिटमससारख्यांच्या मागे फिजिओ, शास्त्रज्ञ, सगळा लवाजमा असतो. आमच्याकडे डबा आणि मी.

पट्टीचा पोहणारा
ताई, हेच म्हणतोय मी. साजन प्रकाश आठवा. २०२१ ला २६ जूनला रोममध्ये २०० बटरफ्लाय १:५६.३८, ऑलिंपिकचा 'ए' निकष, म्हणजे थेट पात्रतेची वेळ, गाठणारा पहिला भारतीय जलतरणपटू. टोकियोत १:५७.२२, हीटमध्येच खेळ आटोपला.

मेलबर्नकर
साजनकडे पर्याय कुठे होता? निकषाची मुदतच संपत होती. त्याचं उदाहरण ट्रायल्सना लावू नका. बाकी ताई, तुमचं पटलं. लहान वयात इतक्या जवळ दोन टेपर नकोतच. पण ऑलिंपिक संघाबद्दल मी जूनवरच ठाम आहे.

बालेवाडीची आई
राहा ठाम. तो जून माझ्या पोराच्या वाट्याला आला की बोलू.