रॅझला घरचे नवीन नियम लावायचेत, तुम्ही काय काय करून बघितलंय?

लालबागकर_शनिवार

मंडळी, आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, दर शनिवारी जेवणं आटपली की माझ्या घरी बसतो. आधी फक्त दिवाळीपुरती तीन पत्ती होती, त्यात मुफलिस सगळ्यांचं लाडकं, कारण सगळ्यात भिकार हात जिंकतो. मग एका मित्राने रॅझ हा पोकरचा प्रकार शिकवला आणि तेव्हापासून दुसरं काही खेळावंसंच वाटत नाही. पैसे अजिबात नाही, प्रत्येकी ६० चिंचोके.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सात पानं मिळतात, पहिली दोन बंद, मग चार उघडी, शेवटचं परत बंद. सातातली कुठलीही पाच घेऊन ज्याचा हात सगळ्यात खालचा तो जिंकला. एक्का खालचा धरायचा, सिक्वेन्स आणि कलर मोजायचेच नाहीत, म्हणजे एक्का-२-३-४-५ हा सगळ्यात भारी हात.

प्रॉब्लेम असा की आता सगळे पक्के झालेत. उघडं पान राजा किंवा राणी आलं की माणूस लगेच पॅक, चौथ्या पानापर्यंत दोघंच उरतात आणि बाकीचे चौघं मोबाइल काढून बसतात. म्हणून आम्ही एक नियम आणला, प्रत्येकाचं सगळ्यात लहान बंद पान जोकर. पार फसला. एका डावात तिघांनी शो केला आणि तिघांकडे एक्का ते पंजी, चिंचोके तीन वाटण्यात गेले, कोणी काही विचार केला होता असं वाटलंच नाही. मला असा नियम हवाय ज्यात डोकं जास्त लागेल, नशीब नाही. काही सुचवा ना.

डोंबिवली_फास्ट

भाऊ, जोकर लोबॉलमध्ये, म्हणजे खालचा हात जिंकतो अशा खेळात, चालतच नाही, त्याचं कारण सांगतो. वरच्या हातांच्या खेळात जोकर कोणाची पेअर करतो, कोणाचं ट्रेल, कोणाचा कलर, म्हणजे हात वेगवेगळे होतात. खालच्या हातात जोकरचं कामच एक, जो लहान नंबर नाहीये तो भरायचा. त्यामुळे सगळ्यांचे हात एकाच जागी येऊन साचतात आणि बरोबरी होते. तुमच्या तिघांचं तेच झालं.

आणि लोक लवकर पॅक करतात ती त्यांची चूक नाही. पहिल्या तीन पानांचे एकूण हात २२,१००, म्हणजे तीन पत्तीत असतात तेवढेच. त्यातले तिन्ही पानं वेगळी आणि अठ्ठी किंवा खालची असे फक्त ३,५८४, साधारण १६ टक्के. सहा वेळा पानं उचलली तर एकदा खेळण्यासारखा हात येतो, बाकी वेळ माणूस पॅक नाही करणार तर काय करणार? म्हणून माझं म्हणणं, चांगला हात आणखी चांगला करू नका, वाईट पानाला काहीतरी काम द्या.

आम्ही ऑफिसच्या ग्रुपमध्ये "राजाचा हुकूम" खेळतो. कोणाला उघडा राजा पडला की त्याच्यानंतर जे उघडं पान वाटलं जाईल तो नंबर सगळ्यांसाठी मेला, बंद असलेलेसुद्धा. समजा समोरच्याची उघडी एक्का-३-४ आहेत आणि तो जोरात बेट मारतोय, तुम्हाला राजा पडला, पुढच्याला आली किलवरची तिर्री. झालं, त्याची तिर्री गेली, आणि तुमच्याकडे बंद ५-६ असेल तर तुम्ही अचानक डावात. तेव्हा सगळ्यात भारी हात एक्का-२-४-५-६ होतो. दुसरा राजा उघडा पडला तर पुढचा नंबर मरतो आणि आधीचा परत जिवंत होतो. राजानंतर परत राजाच आला तर त्याच्याही पुढचं पान बघायचं. सातवं पान बंद असल्यामुळे सहाव्या पानानंतर काही बदलत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, शेवटच्या बेटला सगळ्यांना माहीत असतं की नक्की काय मेलंय. हा खेळ आम्ही दीड वर्ष खेळतोय आणि अजून कंटाळा आला नाही.

पार्लेकर_मीनल

वरचा नियम मस्त आहे, आजच घरी सांगते. आमच्याकडे अर्धा पॉट रॅझला आणि अर्धा बदुगीला असतो, हे आमचं नाही, बाहेरही खेळतात, पण घरी फार रंगतं. बदुगी म्हणजे चार पानं, चारही वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या नंबरची, जितकी लहान तितकी भारी. सातातून चार निवडायची.

मागच्या रविवारी माझ्या नणंदेची उघडी पानं होती इस्पिकची दुर्री, किलवरची पंजी, चौकटचा राजा, बदामची राणी. दोन चित्रं बघून सगळ्यांनी तिला सोडूनच दिलं. पण बंद होती बदामची ४, चौकटची छक्की, आणि शेवटी आली चौकटची राणी. रॅझमध्ये तिचा हात २-४-५-६-राणी, काहीच नाही. बदुगीत मात्र २-४-५-६ चार रंगांची, अर्धा पॉट उचलला तिने! यात रंगही बघावे लागतात, मग उघड्या पानांवरून अंदाज बांधणं खरंच अवघड होतं. एक चिंचोका उरला तर तो रॅझवाल्याला द्यायचा हे आधीच ठरवा, आमच्याकडे त्यावरून एकदा चांगलंच वाजलं होतं.

गिरगाव_चाळ_३

पान बदलीचा नियम करून बघा. सातवं पान मिळाल्यावर बेट लावायच्या आधी एक पान बदलता येईल, उघडं टाकलं तर उघडं मिळणार, बंद टाकलं तर बंद, आणि त्यासाठी मोठ्या बेटएवढे चिंचोके पॉटमध्ये. पण एकेक करून विचारू नका, नाहीतर शेवटचा माणूस सगळ्यांचं बघून ठरवतो. आम्ही सगळे मूठ पुढे करतो, आत चिंचोका असेल तर बदलणार, रिकामी तर नाही, आणि एकदम मुठी उघडतो. तो क्षण फार भारी असतो, समोरचा ७-६ वर (हातातली सगळ्यात मोठी दोन पानं) खूश आहे की पंजीच्या मागे लागलाय ते तिथेच कळतं.

सहा जणांचं गणित अगदी काठोकाठ बसतं. ४२ पानं वाटली, चौथ्यापासून सातव्यापर्यंत दर फेरीआधी एक जाळायचं (न बघता बाजूला टाकायचं) ती चार, राहिली सहा. सगळे टिकले आणि सगळ्यांनी बदललं तरी ५२ मध्ये पुरतं, बदलीआधी मात्र जाळायचं नाही. सातवा माणूस आला की हा नियम बंद ठेवा.

डोंबिवली_फास्ट

मूठ एक नंबर! पण लालबागकर, तिन्ही नियम एकाच रात्री नका लावू, एक नियम निदान तीन शनिवार खेळा. आणि पहिले चार-पाच डाव सगळी पानं उघडी ठेवून वाटा, चिंचोके न लावता, कुठे भांडण होणार ते तिथेच दिसतं.

लालबागकर_शनिवार

काल राजाचा हुकूम खेळलो, दोन वाजेपर्यंत कोणी उठलं नाही! पहिले पाच डाव उघडे वाटले आणि तिथेच अडकलो. पुढची चाल ज्याची उघडी पानं सगळ्यात लहान त्याची असते. एकाची उघडी २-३-५, त्यात दुर्री मेली. मग चाल त्याचीच की दुसऱ्याची उघडी ४-६-७ होती त्याची? आम्ही त्याचीच ठेवली, पण अर्ध्या लोकांना पटलं नाही.

डोंबिवली_फास्ट

दुसऱ्याची. मेलेलं पान राजाच्याही वरचं धरायचं, शोला आणि चाल ठरवतानाही. पान उलटं करू नका, आडवं ठेवा, म्हणजे नंबर परत जिवंत झाला तर लगेच सरळ करता येतं आणि कोणाला विचारावं लागत नाही.

लालबागकर_शनिवार

आडवं ठेवायचं हे सुचलंच नव्हतं. पक्कं. मूठ २४ तारखेनंतर, तोपर्यंत हेच.