मदत हवी आहे: कामातल्या माणसांचे फोटो, विचारून काढू की न विचारता?

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ असा फिरतो, हमाल, फुलवाल्या मावशी, हातगाडीवाले, सगळे कामात असतानाचे फोटो काढायचे असतात. पण होतं काय, आधी विचारलं की माणूस काम सोडून ताठ उभा राहतो, केस नीट करतो आणि जे बघून थांबलो होतो तेच जातं. न विचारता काढला तर मनाला लागून राहतं. मागच्या आठवड्यात एका हमालकाकांचा काढला, पाठीवर पोतं, मान वाकलेली, फोटो छान आलाय पण त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं हो, तेव्हापासून तो कुठंच टाकला नाही.

आता मी आधी काढून मग जाऊन दाखवतो, नको म्हणाले तर तिथंच डिलीट. हे बरोबर आहे का? कन्नड माझं मोडकंतोडकं, 'फोटो तेगीली का?' (म्हणजे फोटो काढू का) एवढंच येतं, अजून काय बोलावं सांगा की.

दुसरं, माझ्याकडं क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि ५० एमएम लेन्स, म्हणजे मोठ्या फुल फ्रेम सेन्सरवरच्या ७५ सारखी पडते, चौकटीत कमीच मावतं आणि गल्लीत मागं सरकायला जागाच नसते. ३५ एमएम घेऊ का? आणि सावलीत शटर १/६० सेकंद ठेवलं की काम करणाऱ्यांचे हात हललेले येतात, १/२५० ठेवून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० केला तर चालेल ना? पुढं निपाणीला बिडी वळणाऱ्या बायकांचे काढायचेत, तिथं तर विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढणारच नाही, पण सुरुवात कशी करू?