हिशेबपट्टीच्या प्रोग्रामसोबत जीसीसी आणि वेबइंजिन का येतंय?

हळदपट्टी, सांगली
मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी हळदीची हिशेबपट्टी काढणारा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई भरायची आणि पट्टी छापायची, एवढंच काम. सी++, क्यूटी ५.१५ (खिडक्या-बटणांची लायब्ररी), बांधणीला सीमेक. डेब पॅकेज उबुंटू २२.०४ वर सीपॅकने (सीमेकसोबतचं पॅकेज बनवणारं साधन) बनतं. दुकानांतली मशीन डेबियन ११ ची, एसएसडी ३२ जीबीची. अडचणी अशा:

ॲप्टने (पॅकेज टाकणारी कमांड) पॅकेज टाकलं की सोबत जीसीसी (कंपायलर), मेक, बिनयुटिल्स ही बांधणीची साधनं येतात.

क्यूटी वेबइंजिनही (क्रोमियम ब्राउझरचं इंजिन) येतं. पूर्वी पट्टीचा प्रिव्ह्यू त्यात दिसायचा, आता तो क्यूटेक्स्टडॉक्युमेंटवर आहे. लिंकरला --ॲज-नीडेड (न वापरलेल्या लायब्ररी गाळणारा फ्लॅग) देऊन पाहिलं, काडीचा फरक नाही. एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी कमांड) सत्तरच्या वर ओळी दाखवतं.

एवढं सगळं टाकूनही प्रोग्राम उघडत नाही: 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' (जीलिबसी म्हणजे सिस्टीमची मूळ सी लायब्ररी).

मिरज_जंक्शन
पहिल्याचं उत्तर सीमेकलिस्ट्समध्येच सापडेल. सीपॅक_डेबियन_पॅकेज_डिपेंड्स या ओळीत कुणीतरी बिल्ड-इसेन्शियल, क्यूटीबेस५-डेव्ह, क्यूटीवेबइंजिन५-डेव्ह असं लिहून ठेवलं असणार. बांधायला काय लागतं आणि चालवायला काय लागतं, यातली गल्लत आहे ही. ती नावं काढा आणि सीपॅक_डेबियन_पॅकेज_शलिबडेप्स ऑन करा. मग डीपीकेजी-शलिबडेप्स बायनरी वाचून खरी यादी काढतं. त्यासाठी डीपीकेजी-डेव्ह फक्त बिल्डच्या मशीनवर लागतं.

हाताने लिहिलेली ओळ मात्र पूर्ण पुसू नका. जे डीएलओपनने (प्रोग्राम चालू असताना) उघडलं जातं ते शलिबडेप्सला दिसत नाही. एसक्यूलाइट वापरत असाल तर लिबक्यूटी५एसक्यूएल५-एसक्यूलाइट लिहा, नाहीतर 'ड्रायव्हर नॉट लोडेड' येईल. फॉन्ट्स-लोहित-देवा पण लिहा. देवनागरी फॉन्ट नसलेल्या मशीनवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चौकोन छापले जातील.

यादीत लिबजीसीसी-एस१ दिसलं तर दचकू नका. तो कंपायलर नाही, रनटाइमचा छोटा तुकडा आहे, राहू द्या.

कृष्णाकाठ
वेबइंजिनकडे येतो. आधी एलडीडी बाजूला ठेवा. ते लायब्ररीच्या लायब्ररीची लायब्ररीही मोजतं, म्हणून सत्तर ओळी. तुमच्या बायनरीने स्वतः काय मागितलंय ते 'रीडएल्फ -डी' मधल्या नीडेड ओळींत दिसतं. त्यात वेबइंजिनविजेट्स असेल तर पुढे वाचा.

--ॲज-नीडेडने फरक पडला नाही, कारण उबुंटूचं जीसीसी ते आधीपासून स्वतःच लावतं. तरी लायब्ररी टिकली याचा अर्थ कुठली तरी ऑब्जेक्ट फाइल तिचं सिम्बॉल (फंक्शन किंवा डेटाचं नाव) खरोखर मागतेय. कोण मागतंय ते लिंकरलाच विचारा: -डब्ल्यूएल,-मॅप=पट्टी.मॅप देऊन पुन्हा लिंक करा. मॅप फाइलमध्ये 'ॲज-नीडेड लायब्ररी इन्क्लूडेड टू सॅटिस्फाय रेफरन्स' असा मथळा असतो. त्याखाली लायब्ररी, तिला ओढणारी फाइल आणि कंसात सिम्बॉल, तिन्ही मिळतात.

हळदपट्टी, सांगली
नीडेडमध्ये आहे. मॅपमध्ये फाइल दिसतेय मॉक्स_कम्पायलेशन, सिम्बॉल क्यूवेबइंजिनव्ह्यूचं स्टॅटिकमेटाऑब्जेक्ट. पण ही फाइल आम्ही लिहिलेलीच नाही.

कृष्णाकाठ
बरोबर, ती ऑटोमॉकने बनवलेली, म्हणजे सीमेकने क्यूटीचं कोड बनवणारं साधन मॉक आपोआप चालवून. जुना प्रिव्ह्यूचा वर्ग सोर्समध्ये पडून आहे आणि सीमेकमध्ये फाइल(ग्लॉब), म्हणजे 'फोल्डरातल्या सगळ्या फाइली घ्या', असल्यामुळे तो आपोआप कंपाइल होतोय. त्या वर्गाचा एकही ऑब्जेक्ट बनत नसला तरी क्यू_ऑब्जेक्ट मॅक्रोमुळे मॉक त्याचा मेटाऑब्जेक्ट (वर्गाची माहिती साठवणारा डेटा) तयार करतो, आणि त्यात आईवर्गाच्या मेटाऑब्जेक्टचा पत्ता लागतो. तेवढ्या एका पत्त्यापायी अख्खं क्रोमियम दुकानात येतंय!

जुनी .सीपीपी आणि .एच काढा, फाइंड_पॅकेज आणि टार्गेट_लिंक_लायब्ररीजमधून वेबइंजिनविजेट्स काढा आणि बिल्ड फोल्डर पुसून सीमेक नव्याने चालवा. ग्लॉब फक्त कॉन्फिगरच्या वेळी वाचला जातो, नुसतं मेक करून भागणार नाही. खरं तर ग्लॉब काढून फाइलींची नावंच लिहा.

जत_रूट
एवढा खटाटोप कशाला? पॅचएल्फ --रिमूव्ह-नीडेड मारून बायनरीतून लायब्ररीचं नावच खोडा की भावा.

कृष्णाकाठ
मारून बघा, 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' येऊन सुरूच होणार नाही. फंक्शन असतं तर हाक मारेपर्यंत कदाचित निभावलं असतं. हा डेटाचा पत्ता आहे, लोडर तो सुरुवातीलाच उकलतो. सिम्बॉल तसंच ठेवून नुसतं नाव खोडायचं म्हणजे विहिरीवरचं झाकण काढून नेण्यासारखं.

मिरज_जंक्शन
तिसऱ्याचं सांगतो, तिथे लिंकरचा कुठलाही फ्लॅग कामाचा नाही. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. २०२१ साली आलेल्या २.३४ मध्ये पीथ्रेड आणि डीएल मुख्य लिबसीत विलीन झाले, आणि सुरुवातीच्या __लिबसी_स्टार्ट_मेन सिम्बॉललाही नवी आवृत्ती मिळाली. त्यामुळे २२.०४ वर रिकामा मेन बांधला तरी तो २.३४ मागतो.

उपाय एकच: सगळ्यात जुन्या दुकानात जे आहे त्यावर बांधा. डीबूटस्ट्रॅपने बुल्सआयचं (म्हणजे डेबियन ११ चं) क्रूट, फोल्डरातली वेगळी सिस्टीम, करा, डेव्ह पॅकेजं त्यात टाका आणि सीपॅक तिथेच चालवा. मग 'ऑब्जडम्प -टी' (कॅपिटल टी) मधल्या जीलिबसी_ ओळी आवृत्तीप्रमाणे लावून पाहा, सगळ्यात मोठा आकडा २.३१ च्या वर जाता कामा नये. जीलिबसी स्टॅटिक लिंक करायचा मोह टाळा. क्यूटी स्क्रीनचं प्लगइनसुद्धा डीएलओपनने उघडतं, ते तिथेच अडेल.

आणि डिपेंड्स हाताने लिहिल्यामुळेच हे दुकानात जाऊन कळलं. शलिबडेप्स असतं तर लिबसी६ ची किमान आवृत्ती पॅकेजमध्येच आली असती आणि ॲप्टने दारातच नाही म्हटलं असतं.

हळदपट्टी, सांगली
क्रूटमध्ये बांधलं. नीडेडमध्ये वेबइंजिन नाही, पट्टी छापली. पण जुन्या मशीनवर जीसीसी अजून तसाच आहे.

मिरज_जंक्शन
नवीन पॅकेज टाकून ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज. यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. तरी उरला तर 'ॲप्टिट्यूड व्हाय जीसीसी'. डीकेएमएस (ड्रायव्हर मशीनवरच बांधणारं साधन) निघालं तर हात लावू नका, त्या मशीनवर कुठलं तरी ड्रायव्हर त्यावर बांधलं जात असेल.