मदत हवी आहे: गरम झाली की गाडी बंद पडते, कोड पी०३३५

माझी २००९ ची पेट्रोल गाडी आहे, १ लाख १८ हजार किमी झालेली. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. पण तासभर चालली, इंजिन नीट तापलं, की चालता चालता गपकन बंद पडते. परवा खंबाटकी घाटात बंद पडली, मागे ट्रक, सोबत आई. फार घाबरलो. वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवल्यावर काही झालंच नाही अशी सुरू झाली.

स्कॅनरवर आधी पी०३४० हा दोषाचा कोड आला म्हणून मेकॅनिकने कॅम सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा) बदलला. आता पी०३३५ येतोय, म्हणजे क्रँक सेन्सरचं (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचं) सर्किट. बंद पडताना गाडी गिअरमध्ये पळत असतानाही आरपीएमचा काटा थेट शून्यावर येतो, त्यामुळे मला क्रँक सेन्सरचाच संशय आहे. इग्निशन ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा आवाज येतो.

सेन्सर थंड असताना मल्टिमीटरवर ठीक दाखवतो. तो हेअर ड्रायरने तापवून मोजला तर दोष पकडता येईल का? की आधी कपलर (वायरचा जोड) आणि ईसीयूपर्यंतची (इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंतची) वायर तपासू? दोन्ही कोड आले म्हणजे सामायिक अर्थिंग किंवा टायमिंग चेनचा (क्रँक आणि कॅम जोडणाऱ्या साखळीचा) प्रश्न असू शकतो का? कुणाला नेमका हाच अनुभव असेल तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात आईला तपासणीसाठी पुण्याला न्यायचं आहे.